मांजराच्या पोटातला केसांचा गोळा: कमी खर्चात काय करता येतं आणि दवाखाना कधी गाठायचा

एके दिवशी अम्मी फजरच्या नमाजसाठी उठल्या आणि दिवा न लावताच जानमाजकडे गेल्या. पायाखाली काहीतरी थंड, ओलं, बोटभर लांब आलं. त्यांना वाटलं, मांजरीने उंदीर आणून टाकला. दिवा लावून बघतो तर उंदीर नव्हता. करड्या केसांची दाबून वळलेली वळकटी होती ती, पिवळसर पाण्यात भिजलेली. शेजारी आमची मखमल बसलेली, आपला काही संबंधच नाही अशा तोऱ्यात पाय चाटत.

शाळेला जायच्या आधी आम्ही चार फोन केले. एक म्हणाले, एरंडेल पाजा. दुसरे म्हणाले, साजूक तूप कोमट करून घशात सोडा. तिसऱ्यांनी सरळ सांगितलं, पोटात केस गेलेलं मांजर घरात ठेवू नका, पंचगंगेच्या पुलापलीकडे सोडून या. चौथा फोन जनावरांच्या डॉक्टरांना. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "सर, महिन्यातून किती वेळा होतं असं?" आणि तेवढंच आम्हाला सांगता आलं नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत मांजरं वाढली आहेत. सदर बाजार असो, बागवान गल्ली असो की अकबर मोहल्ला, दारात देशी मांजर तर पूर्वीपासून होतंच, आता त्यात लांब केसांची पर्शियन आली. मुलं हट्ट करतात, कुणीतरी पिल्लू आणून देतं आणि मग त्याचं खाणं, केस, औषध यांचा हिशेब सुरू होतो. दुकानातल्या प्रत्येक ट्यूबला आणि प्रत्येक पाकिटाला पैसे घालणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून या विषयात खरं काय, फुकाचं काय आणि धोक्याचं काय, ते इथे मांडतो आहोत.

केस पोटात जातात कसे

मांजराची जीभ हातावर फिरली तर खरकागद घासल्यासारखं वाटतं. जिभेवर बारीक, घशाच्या दिशेने वळलेले काटे असतात. आपली नखं ज्या पदार्थाची बनतात त्याच केराटिनचे ते बनलेले असतात. 2018 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी हे काटे बारकाईने तपासले, तेव्हा दिसलं की त्यांची टोकं पोकळ, छोट्या पळीसारखी असतात. त्या पळीतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते. म्हणजे मांजर नुसतं चाटत नाही, ते अंग धुतं आणि विंचरतंही. पर्शियन मांजराचे केस मात्र इतके दाट आणि लांब की जिभेचे काटे कातडीपर्यंत नीट पोचत नाहीत. म्हणूनच त्याच्या केसांचा गुंता होतो आणि ते काम माणसाला करावं लागतं.

काटे मागे वळलेले असल्यामुळे सुटलेला केस मांजराला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. केस पचत नाही. बहुतेक केस आतड्यातून पुढे सरकून शीवाटे निघून जातात, आपल्याला कळतही नाही. थोडे जठरात राहतात, एकमेकांत अडकतात आणि मग एक दिवस मांजर ते ओकून टाकतं. त्याला गोळा म्हणतात खरं, पण बाहेर पडतो तो लांबुळका असतो, कारण येताना तो अन्ननलिकेतून दाबला जातो. डॉक्टर लोक याला हेअरबॉल म्हणतात, पुस्तकात ट्रायकोबेझोअर असा शब्द सापडेल.

लांब केसांच्या मांजराने महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी गोळा टाकला, लगेच उठून खायला लागलं, खेळलं, शी नेहमीसारखी झाली, तर घाबरायचं कारण नाही. देशी, आखूड केसांच्या मांजराला हे त्याहून क्वचित व्हायला हवं. दर आठवड्याला व्हायला लागलं तर गोष्ट केसांची राहत नाही. एक तर मांजर नेहमीपेक्षा जास्त चाटतंय, म्हणजे पिसवा, खाज, कातडीचा आजार किंवा नुसता कंटाळा. नाहीतर पोट-आतडं केस पुढे ढकलायला कमी पडतंय, म्हणजे आतड्याची सूज, खाण्याची ॲलर्जी, म्हाताऱ्या मांजरात थायरॉईड असं काही. 2013 साली मांजरांच्या वैद्यकाच्या एका नियतकालिकात यावर सविस्तर लेख आला होता. त्याचा रोखही हाच होता की वारंवार पडणारा गोळा हा खुद्द आजार नसून आतल्या आजाराची खूण असू शकते.

डॉक्टरांचा प्रश्न म्हणूनच नेमका होता. तेव्हापासून आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळा पडला की लाल टिंब आणि नुसती उलटी झाली की निळं टिंब देतो. खर्च शून्य. वर्गात हजेरी घेतो तशी मखमलची हजेरी. दोन महिन्यांत चित्र दिसायला लागतं.

पहिला उपाय: फणी

जे केस आपण काढले ते पोटात जात नाहीत. सगळ्या उपायांत हा सगळ्यात खात्रीचा आणि सगळ्यात स्वस्त, तरी लोक याच्यावर शेवटी येतात, आधी औषध शोधतात.

देशी मांजराला आठवड्यातून दोन-तीनदा विंचरलं तरी पुरतं. पर्शियनला रोज. महागडा ब्रश नसला तरी अडत नाही. मोठ्या दातांचा साधा कंगवा आधी, मग उवा काढायची बारीक दातांची फणी. ती मांजरासाठी वेगळी ठेवा, घरातल्या माणसांची नको. अगदी काही नसेल तर दोन्ही हात पाण्यात ओले करून डोक्यापासून शेपटीकडे पाच-सात वेळा फिरवा, सुटे केस हाताला चिकटून येतात. भांडी घासायचा नवा रबरी हातमोजा कोरडा वापरला तर याहून चांगलं काम करतो. नवा म्हणतो, कारण वापरलेल्यावर साबण असतो.

वेळ मांजराची बघायची, आपली नाही. जेवून सुस्तावलं की पाच मिनिटं. पाठ, मान, गाल इथून सुरुवात. पोट आणि मांड्यांची आतली बाजू शेवटी, कारण तिथे हात लावला की बहुतेक मांजरं नखं काढतात. आमच्याकडे हे काम धाकट्या मुलीकडे आहे, असरनंतर. निघालेले केस ती एका जुन्या डब्यात साठवायची. महिन्याने डबा भरला तेव्हा तिने विचारलं, "अब्बा, हे सगळं तिच्या पोटात गेलं असतं?" आम्ही इतकी वर्षं शिकवतो, पण इतकं चांगलं प्रात्यक्षिक आम्हाला कधी जमलं नव्हतं.

गुंता झाला असेल तर कात्री लावू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गुंत्याबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. बोटांनी गुंत्याचं मूळ धरून टोकाकडून थोडं थोडं सोडवायचं. सुटतच नसेल तर डॉक्टरांकडे मशीनने तेवढा भाग काढून घ्यावा. पर्शियनवाल्या घरांनी उन्हाळ्याच्या तोंडाला पोटाखालचे आणि ढुंगणाजवळचे केस असे बारीक करून घेतले तर केसही कमी गिळले जातात आणि स्वच्छताही राहते.

विंचरताना फणीत काळे बारीक कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण आहे, त्यात मांजराचं रक्त असतं. मग आधी पिसवांचा बंदोबस्त, कारण पिसवा चावतात म्हणून मांजर चाटतं आणि चाटतं म्हणून गोळे होतात. पण इथे एक मोठा धोका आहे. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या पिसवांच्या कितीतरी औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. आपल्याकडे कुत्र्याची उरलेली बाटली आहे, थोडी लावू, असं अजिबात करायचं नाही. मांजराचं म्हणून लिहिलेलं औषध, तेही वजन सांगून.

पाणी आणि ताट

मांजराचं मूळ वाळवंटी मुलखातलं, त्यामुळे ते पाणी कमी पितं. नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलं तर शी कडक होते आणि तिच्याबरोबर केस पुढे सरकत नाहीत. दाण्यांवर थोडं कोमट पाणी घालून पाच मिनिटं भिजवून दिलं तरी फरक पडतो. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, पसरट असू द्या आणि वाळूच्या ट्रेपासून लांब. भांडं रोज घासलेलं.

कोंबडी शिजवताना मसाला घालायच्या आधी दोन तुकडे आणि वाटीभर पाणी बाजूला काढलं तर मांजराचं एक वेळचं जेवण झालं. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही, हाड नाही. मात्र नुसत्या चिकनवर मांजर कायम ठेवता येत नाही, त्यात त्याला लागणारं सगळं नसतं. दाण्यांच्या जोडीला म्हणून द्या.

कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तांबडा-पांढरा रस्सा आपल्याला जीव की प्राण, पण मांजराला तो देऊ नका. कांदा आणि लसूण, कच्चा असो वा शिजलेला, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. "पांढरा तर तिखट नसतो की" असं आम्हालाही एकाने ऐकवलं. तिखटाचा प्रश्नच नाही, त्यात लसूण असतो. बकरी ईदला चरबीचे तुकडे मांजरापुढे टाकायची आपल्याला सवय आहे. त्या तीन दिवसांत दिसणाऱ्या बऱ्याच उलट्या चरबीच्या असतात, केसांच्या नाही. दुधाचंही तेच. मोठ्या मांजराला दुधातली साखर सहसा पचत नाही, जुलाब होतात.

जेवण एकदम भरपूर न देता थोडं थोडं तीन-चार वेळा द्यावं. रमजानमध्ये आमच्याकडे आपोआपच सहेरी, दुपार, इफ्तारनंतर असं होतं आणि खरं सांगायचं तर त्या महिन्यात टिंबं कमी पडतात.

चोथा: इसबगोल, भोपळा आणि आपला ऊस

केसांना शीबरोबर पुढे न्यायचं काम चोथा करतो. इसबगोल घराघरात असतं. साधं, बिनवासाचं, साखर किंवा चव न घातलेलं. अगदी चिमटीपासून सुरुवात करून जास्तीत जास्त पाव चमचा, दोन-तीन चमचे पाण्यात फुगवून ओल्या खाण्यात कालवायचं, दिवसातून एकदा. कोरडं कधीही नाही, कारण ते पोटात पाणी शोषून फुगतं आणि पाणी कमी पडलं तर उलट अडकतं. ज्या मांजराला आधीच शी होत नाही, जे खात नाही किंवा सारखं ओकतंय, त्याला इसबगोल देऊन बघायचं नाही. आधी तपासणी.

याचा उपयोग खरंच होतो का? मांजरांवर झालेल्या चाचण्यांत इसबगोल आणि सेल्युलोजसारखा चोथा असलेलं खाणं दिल्यावर लांब केसांच्या मांजरांच्या शीतून जास्त केस बाहेर पडले. आखूड केसांच्या मांजरांत असा फरक दिसला नाही. म्हणजे पर्शियनला करून बघण्यासारखं, गल्लीतल्या देशी मांजराला त्याची गरज नाही.

लाल भोपळा शिजवून, कुस्करून एक चमचा देतात. वाईट काही नाही, पण त्यात पाणी जास्त आणि चोथा थोडा. आवडीने खाल्ला तर द्या, घशात कोंबू नका.

आता एक गंमत. 2014 साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी मांजरांच्या खाण्यात उसाचा चोथा मिसळून बघितला. शीतल्या केसांच्या गुठळ्या कमी झाल्या. बीटचा चोथा घातला तेव्हा तसं झालं नाही. उसाचे धागे लांब आणि न पचणारे असतात, ते केसांना धरून पुढे नेत असावेत असा त्यांचा अंदाज. उसाच्या जिल्ह्यात राहून ही गोष्ट आम्हाला ब्राझीलकडून कळावी! पण कृपा करून कुणी गुऱ्हाळातली चिपाडं आणून मांजराला घालू नका. त्यांनी वापरला तो दळून, मोजून खाण्यात मिसळलेला चोथा होता. चिपाडाची कुसळं घशात टोचतील. बाजारात "हेअरबॉल कंट्रोल" नावाचं जे खाणं मिळतं, त्यात असाच चोथा जास्त घातलेला असतो. ते महाग असतं, पण फणी, पाणी सगळं करूनही लांब केसांच्या मांजराचे गोळे थांबत नसतील तर घ्यायला हरकत नाही. आठवडाभरात हळूहळू बदलायचं, एकदम नाही.

गवताचं काय, असंही विचारतात. लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारातून बिनऔषधी गहू मूठभर आणून, रात्रभर भिजवून, मातीच्या कुंडीत पेरले की आठवड्याभरात बोटभर गवत येतं. मांजरं आवडीने कुरतडतात. त्याने गोळा निघतो हे काही सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत मांजरवाल्या हजारावर घरांची पाहणी झाली, त्यात गवत खाणं ही मांजराची जातिवंत सवय दिसली, बहुतेक मांजरं गवत खाऊन ओकतही नाहीत. पण कुंडीतलं गहू-गवत खाल्लेलं बरं, कारण ते नसलं तर मांजर दुसरं झाड शोधतं. कण्हेर विषारी आहे. गुलदस्त्यातली लिली तर मांजराची मूत्रपिंडं निकामी करते, नुसता पराग अंगाला लागून चाटला गेला तरी पुरतो. निकाहच्या घरून आलेला गुलदस्ता मांजराच्या खोलीत ठेवू नका.

तूप, एरंडेल आणि आमची चूक

आता कबुली. त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी नुसतं "विंचरा आणि लक्ष ठेवा" सांगितलं. आम्हाला ते फारच साधं वाटलं. संध्याकाळी आम्ही मखमलला चादरीत गुंडाळून तिच्या तोंडात पिचकारीने कोमट तूप सोडलं. ती झटापटीत ठसकली, थोडं तूप घशाऐवजी श्वासाच्या वाटेला गेलं आणि पुढचे आठ दिवस ती खोकत होती. अँटिबायोटिकची इंजेक्शनं द्यावी लागली. गोळ्यासाठी एक रुपया लागला नव्हता, आमच्या उपायासाठी लागला तो सगळा खर्च.

डॉक्टरांनी मग समजावलं. तूप, लोणी, खोबरेल ही पचणारी चरबी आहे. आतड्यात ती शोषली जाते, केसांना वंगण म्हणून उरतच नाही. फार झाली तर जुलाब होतात. पातळ पॅराफिनसारखी न पचणारी तेलं वंगण करतात, पण त्यांना चव नसल्यामुळे मांजराला गिळायचं भान राहत नाही आणि तेल फुप्फुसात उतरतं. त्यातून न्यूमोनिया होतो. एरंडेल तर आतड्याला पिळून काढतं, आणि खरोखर काही अडकलेलं असेल तर पिळलेलं आतडं फाटू शकतं. पिचकारीने तेल पाजणं हा विषय म्हणून बंद.

दुकानातल्या ट्यूबमध्ये माल्टचा घट्ट पाक आणि पेट्रोलियम जेलीसारखं वंगण असतं. घट्ट असल्यामुळे मांजर ते चाटून गिळतं, श्वासात जात नाही. परवडत नसेल तर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली वाटाण्याएवढी पुढच्या पंजावर लावली की मांजर स्वतः चाटतं. कापूर किंवा पुदिन्याचा अर्क असलेला बाम नाही. जेवणाबरोबर नाही, कारण ती खाण्यातली काही जीवनसत्त्वं शोषू देत नाही. आणि डॉक्टरांना विचारून, दोन-चार दिवसच. रोजचा खुराक म्हणून नाही.

याच ओघात, मांजर ओकतंय, मलूल आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल द्यायची नाही. लेकराला चालते ती अर्धी गोळी मांजराचा जीव घेते.

गोळा नसतोच तेव्हा

आमच्या गल्लीत एक बोका होता. तीन दिवस ओकारे काढत होता, घरच्यांना वाटलं केसांचा गोळा आहे, निघेल. त्यांच्याकडे शिवणकाम चालतं. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेला तेव्हा जिभेच्या मुळाशी धागा अडकलेला, त्याचं दुसरं टोक आतड्यात. धाग्यावर आतडं चुण्या पडून कापलं गेलं होतं. वाचला नाही. त्या घरातली बाई अजून सांगताना रडते, की आपण त्याला भोपळा भरवत बसलो.

शिलाई मशीन असलेल्या घरांनी धाग्याचे तुकडे, रीळ, जरीची दोरी मांजराच्या तोंडी लागू देऊ नये. पतंगाचा मांजासुद्धा. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून डॉक्टर.

खोकला आणि ओकारी यांतला फरकही ओळखता यायला हवा. गोळा काढताना मांजराचं पोट जोराने आत-बाहेर होतं, तोंड उघडतं, लाळ गळते आणि शेवटी काहीतरी पडतं. पण मांजर जमिनीला चिकटून बसलंय, मान पुढे ताणलीय, कोरडा आवाज येतोय आणि काहीच पडत नाही, शेवटी नुसता आवंढा गिळतंय, असं वारंवार होत असेल तर तो दमा असू शकतो. मांजरालाही दमा होतो. जुमेरातीचा लोबान, अगरबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट यांच्या धुराने तो वाढतो. बंद खोलीत लोबान लावत असाल तर मांजराला तेवढा वेळ बाहेर ठेवा. मोबाइलवर त्या खोकल्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला की अर्धं निदान तिथेच होतं, कारण दवाखान्यात गेल्यावर मांजर कधीच खोकत नाही. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल तर मात्र व्हिडिओत वेळ घालवू नका.

पुढच्या गोष्टींत उपाय करत बसायचं नाही, निघायचं. दिवसभर काही खाल्लं नाही. पुन्हा पुन्हा ओकारे, पण काही पडत नाही. पाणीही टिकत नाही. दोन दिवस शी नाही. पोट फुगलं, हात लावू देत नाही. उलटीत रक्त. मांजराला उपास झेपत नाही. दोन-तीन दिवस खाल्लं नाही, विशेषतः जाड मांजराने, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. बोका ट्रेमध्ये सारखा बसतोय, जोर करतोय आणि लोकांना वाटतं बद्धकोष्ठ, केस अडकले. लघवी अडकलेली असू शकते, त्यात एक दिवससुद्धा फार होतो. आणि तीन-चार महिन्यांचं, लस न टोचलेलं पिल्लू ओकत असेल तर केसांचा विचारच करू नका. इतक्या लहान वयात गोळे क्वचितच होतात. जंत असतील, नाहीतर पॅनल्यूकोपेनिया, जो पिल्लांना दोन दिवसांत नेतो.

खर्चाची भीती खरी आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, ऑपरेशन इथवर गेलं की रक्कम हजारांत जाते. पण नुसती तपासणी तेवढी महाग नसते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. तिथे गाई-म्हशींचीच गर्दी, म्हणून मांजर घेऊन जायला लोक लाजतात. लाजू नका. जाताना टिंबांचं कॅलेंडर, व्हिडिओ आणि मांजर काय खातं ते लिहून न्या, तपासण्या कमी लागतात.

जानमाज आणि फरशी

अम्मींचा पहिला प्रश्न आरोग्याचा नव्हता, पाकीचा होता. मांजर घरात फिरतं, भांड्याला तोंड लावतं, त्याचं काय? अबू दाऊद आणि तिरमिजीत हजरत अबू कतादा (रजि.) यांची रिवायत आहे. त्यांच्या वुजूच्या पाण्याला मांजर आली तेव्हा त्यांनी तिला पिता यावं म्हणून भांडं कलतं केलं. त्यांच्या सुनेला नवल वाटलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की मांजर नापाक नाही, ती आपल्यात वावरणारी आहे असं रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितलं आहे. उलटीची गोष्ट मात्र वेगळी. आम्ही घन भाग कागदाने उचलतो आणि ती जागा पाण्याने नीट धुतो, जानमाज असेल तर तीही. बारकाव्याचा मसला असेल तर आपापल्या इमामसाहेबांना विचारा.

पुसताना फिनाइल नको. फिनाइल आणि तसल्या तीव्र वासाच्या जंतुनाशकांतले घटक मांजराला बाधतात. फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, आणि पोटात जातं. साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग फरशी कोरडी.

ज्यांनी पुलापलीकडे सोडून यायला सांगितलं होतं ते परवा घरी आले. मांजरीला बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे, ती त्यांना आमच्याआधी अम्मींनीच ऐकवली. मग त्यांनी मखमलच्या पाठीवरून हात फिरवला आणि हातावरचे केस बघून म्हणाले, "हिला विंचरत नाही का कोणी?" धाकटीने फणी त्यांच्या हातात दिली. गेल्या महिन्यात कॅलेंडरवर एकच लाल टिंब आहे.